सारे खापर इवल्याशा दातांवर

लेकरू रात्रभर किरकिरत असते. तोंडातून लाळेची धार लागलेली, लाळेरे तासाभरात ओलेचिंब, मूठच्या मूठ तोंडात कोंबलेली आणि अंगावर पाजायला घ्यावे तर कडकडून चावा. पहिलटकरीण आई घाबरून जाते. अशा वेळी घरातील वडीलधारी बाई पाळण्यापाशी येते, बाळाच्या खालच्या हिरडीवरून बोट फिरवते आणि निर्वाळा देते, ‘‘काही झालं नाही गं, दात यायलेत लेकराला.’’ हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही, असे घर शोधूनही सापडायचे नाही.

या एका वाक्याने किती आयांना धीर दिला असेल, याची गणती नाही. परंतु हेच वाक्य काही दिवसांनी पुन्हा कानी पडते. बाळाला दिवसातून आठ-दहा वेळा पातळ शी होऊ लागते, तेव्हा ‘‘दाताचीच हगवण आहे’’ म्हणून सांगितले जाते. अंग चटका बसेल इतके तापते, तेव्हा ‘‘दात वर आला की ताप उतरेल’’ असा दिलासा मिळतो. पहिल्या वेळी खरे असलेले वाक्य दुसऱ्या वेळी खोटे असते आणि त्याची किंमत कधी कधी बाळाच्या जिवाने चुकवावी लागते. म्हणून हिरड्यांच्या दुखण्यावर घरी काय करावे, याबरोबरच दातांच्या नावावर काय काय खपवू नये, याचाही विचार घरोघरी व्हायला हवा.

हिरडीखाली काय चालते?

दात सहाव्या महिन्यात दिसतात म्हणून ते तेव्हाच तयार होतात असे आपण समजतो. वस्तुतः आई जेमतेम दीड महिन्याची गरोदर असते, तेव्हाच दातांचे अंकुर धरू लागतात. बाळ जन्माला येते तेव्हा दुधाच्या वीसही दातांची घडण हिरडीखाली सुरू झालेली असते. पहिला दात साधारणपणे सहाव्या महिन्याच्या आसपास दिसतो. कुणाचा चौथ्यात, तर कुणाचा वर्ष भरता भरता. अडीच ते तीन वर्षांत वीस दातांचा संच पुरा होतो. शेजारच्या लेकराला आले आणि आपल्याला नाहीत, म्हणून जीव टांगणीला लावण्याचे कारण नाही.

बहुतेक बाळांचे खालचे समोरचे दोन दात आधी येतात. वरचे आधी आले तर मामावर संकट येते, असा आपल्याकडे समज आहे. काही बाळांचे वरचे दात आधी येतात, एवढाच त्याचा अर्थ. मामांनी निश्चिंत असावे आणि उष्टावणाला भाच्याला खीर भरवायला खुशाल जावे.

दुसरा समज असा की दात हिरडी फाडून बाहेर येतो, म्हणून बाळाला असह्य वेदना होतात. तसे नाही. दात वर सरकतो तशी त्याच्यावरची हिरडी हळूहळू विरत जाते आणि त्याला वाट मिळते. हिरडी थोडी सुजते, लाल होते, शिवशिवते. म्हणून बाळ सापडेल ते चावत सुटते. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील डॉक्टरांनी शंभराहून अधिक बाळांच्या पावणेपाचशे दातांची रोजच्या रोज नोंद ठेवली आणि २००० साली ती प्रसिद्ध केली. दात येण्याच्या आधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस, असा आठ दिवसांचा काळ किरकिरीचा असतो, असे त्यांना आढळले. या आठ दिवसांत चावणे, लाळ गळणे, हिरड्या व कान चोळणे, चिडचिड, घन अन्नाकडे पाठ फिरवणे, अंग किंचित कोमट होणे, हे सारे दिसले. जुलाब, उलट्या, खोकला आणि चढता ताप यांचा मात्र दातांशी काही संबंध दिसला नाही.

वाग्भटाचे अर्धेच ऐकले

मग ही समजूत आली कुठून? तिची मुळे खोल आहेत. ‘काश्यपसंहिता’ या बालरोगांवरच्या प्राचीन ग्रंथात दातांच्या जन्माचा एक स्वतंत्र अध्यायच आहे. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या उत्तरस्थानात, दात येणे हे बालकाच्या सगळ्या रोगांचे कारण असते, असे म्हणून ठेवले आहे. आपल्या आजीच्या तोंडचे वाक्य अशा रीतीने शेकडो वर्षांचे आहे. पण त्याच वाग्भटाने त्याच प्रकरणात आणखीही एक गोष्ट सांगितली आहे. दातांमुळे होणाऱ्या दुखण्यांत बाळाला औषध-पथ्याच्या फार जाचात ठेवू नये; दात आले की ही दुखणी आपोआप शमतात, असा त्याचा सल्ला आहे. आपण पहिले अर्धे पाठ केले आणि दुसरे अर्धे, जे अधिक शहाणपणाचे होते, ते विसरून गेलो.

हा दोष एकट्या आपल्या समाजाचा नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३९ साली तब्बल ५,०१६ मृत्यूंची नोंद ‘दात येणे’ या कारणाखाली झाली होती. ती बाळे दातांनी गेली नव्हती; जुलाब, न्यूमोनिया, मेंदूज्वर असल्या रोगांनी गेली होती. नेमक्या त्याच वयात दात येत होते, म्हणून आळ दातांवर आला. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यवैद्य आंब्रुआज पारे याने दाताला वाट मिळावी म्हणून हिरडीवर चीर देण्याचा पुरस्कार केला आणि ती चाल युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली. पुढे ब्रिटनमध्ये दातांसाठी कॅलोमेल नावाच्या पाऱ्याच्या क्षाराच्या पुड्या खपू लागल्या. त्या घेणाऱ्या काही बाळांचे हातपाय गुलाबी पडत, ती दिवसरात्र कळवळत आणि कित्येक दगावत. हा ‘गुलाबी रोग’ पाऱ्यामुळे होतो, हे उमगायला १९४० चे दशक उजाडावे लागले. १९५४ साली त्या पुड्या बाजारातून काढल्या आणि तो रोगही जवळजवळ नाहीसा झाला. दात येणे हा रोग नव्हता. त्याच्यावरचा इलाज मात्र रोग ठरला होता.

आपल्या घरची गुटी

आता आपल्या घरातील उपायांकडे वळू. बाळगुटीच्या पेटीत हिरडा, बेहडा, वेखंड, मायफळ, जायफळ, हळकुंड, सुंठ, मुरुडशेंग, अतिविष यांच्या सोबतीला डिकेमालीचा खडा असतो. हा उग्र वासाचा डिंक दात येताना उगाळून हिरड्यांना लावण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. सहाणेवर आईच्या दुधात मोजून वेढे द्यायचे, हे आजीचे काम मायेचे असते, यात शंका नाही. त्या अनुभवाची थट्टा करण्याचे कारण नाही. पण सहाण धुतलेली असते का? उगाळणारे हात कसे असतात? आणि वेखंड-जायफळाचा वेढा अंदाजाने एखादा जास्त गेला तर पाच किलोच्या जिवावर त्याचा काय परिणाम होतो? जागतिक आरोग्य संघटना २००१ सालापासून सांगत आहे की, पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नये. गुटीलाही हा नियम लागू आहे.

टाकणखाराची लाही मधात कालवून बाळाच्या तोंडातून फिरवण्याचा उपाय अजूनही अनेक घरांत चालतो. त्याविषयी मात्र स्पष्टच बोलले पाहिजे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. चोखणीला मध-बोरॅक्सचे मिश्रण लावून ती बाळाच्या तोंडात देण्याची पद्धत तिकडे इंग्रजांच्या मुलुखातही होती. १९८३ साली ब्रिटनमधील बालरोगविषयक नियतकालिकात अशा सात बाळांची हकिकत छापून आली. त्या सातही बाळांना झटके येत होते. मिश्रण थांबवले आणि झटके थांबले. राहता राहिला मध. मधात एका विशिष्ट जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते सहसा रुजत नाहीत; वर्षाच्या आतील बाळाच्या कोवळ्या आतड्यात मात्र ते रुजून विष तयार करू शकतात. म्हणून पहिला वाढदिवस होईपर्यंत बाळाला मध चाटवू नये, असे आज जगभरचे डॉक्टर सांगतात.

हळदीचे काय? आपला जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचा अभिमान आपल्याला वाटतोच. घरच्या हळकुंडाची पूड वरणात जशी चालते, तशी वरचे अन्न खाणाऱ्या बाळाच्या खिचडीतही चालेल. पण हिरडीवर हळद चोळल्याने दात लवकर येत नाही. सुट्या हळदीला पिवळी झळाळी आणण्यासाठी शिशाचा रंग मिसळल्याचे प्रकार आपल्या उपखंडात उघडकीस आलेले आहेत आणि शिसे बाळाच्या मेंदूला घातक असते. तेव्हा बाजारातील पुडी हिरडीला तर मुळीच लावू नये. लवंगेचे तेल मोठ्यांच्या किडक्या दातापुरते ठीक आहे. बाळाच्या हिरडीला ते पोळते आणि पोटात गेले तर विषारी ठरते. आणखी एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे पुष्कळ बाया मिसरी लावतात. मिसरीचे तेच बोट घाईघाईत बाळाच्या हिरडीवर फिरते आणि तंबाखू बाळाच्या तोंडात जाते. हे कुणी मुद्दाम करत नाही. पण व्हायला नको.

बाटलीतली शांतता

घरच्या उपायांना नावे ठेवून बाजारातील बाटलीला मान द्यावा, तर तिकडेही धडा आहेच. अमेरिकेत १८४९ पासून विकल्या जाणाऱ्या ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ या दात येणाऱ्या बाळांच्या लोकप्रिय औषधात मॉर्फिन होते. बाळे शांत होत आणि काही कायमची शांत होत. आपल्या मुंबईतही वेगळे चित्र नव्हते. १९२२ साली डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी सरकारच्या मजूर कचेरीसाठी गिरणी कामगार बायांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल सर्रास असल्याचे त्यांनी नोंदवले. बाळगोळीच्या नावाने ती विकली जाई. त्या आया निर्दय होत्या का? बिलकूल नाही. भोंगा झाला की साच्यावर उभे राहायचे होते आणि खोलीत रडणाऱ्या बाळापाशी बसायला कुणी नव्हते.

अलीकडचे दाखले आणखी बोलके आहेत. नायजेरियात २००८-०९ साली दात येण्यासाठीच्या एका गोड मिश्रणात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले आणि ८४ मुले मरण पावली. तेच द्रव्य २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधात सापडले. त्या मुलांपैकी अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले गेले होते. हिरड्या बधिर करणाऱ्या जेलींमधील बेंझोकेनमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटू शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दोन वर्षांखालील मुलांसाठी त्या वापरू नयेत असे बजावले. तापासाठी एके काळी आपल्याकडे सर्रास दिले जाणारे निमेसुलाइड भारत सरकारने २०११ साली बारा वर्षांखालील मुलांसाठी बंद केले. सारांश, दुकानदाराने काउंटरवरून काढून दिलेली बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाळाच्या तोंडी लावू नये.

मग करावे तरी काय?

उपाय आहेत, आणि ते इतके साधे आहेत की औषध म्हणून कुणी त्यांची जाहिरात करणार नाही. पहिला उपाय आपले बोट. नखे कापलेली असावीत, हात साबणाने धुतलेले असावेत आणि हलक्या दाबाने हिरडीवरून मिनिट-दोन मिनिटे बोट फिरवावे. आजी जे तपासण्यासाठी करते, तेच औषध आहे. दुसरा उपाय गारवा. मलमलीचे स्वच्छ फडके उकळून घ्यावे, निवलेल्या पाण्यातून पिळावे, झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावे आणि त्याची गाठ बाळाला चघळायला द्यावी. फ्रीज नसेल तर तो डबा माठाला टेकवून, ओल्या पंचाखाली ठेवला तरी काम भागते. स्टीलचा गार चमचा, मागची गोल बाजू हिरडीला लावून, आपण हातात धरून ठेवला तरी बाळ हुशारते. रबरी कडी घ्यायची तर भरीव घ्यावी, पाणी भरलेली नको. बर्फ झालेली वस्तू हिरडीला लावू नये.

सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला आपल्याकडे भाकरीची कडक कोर, खारीक किंवा गाजर हातात देतात. त्यात चावण्याची हौस फिटते हे खरे. पण नव्या दाताने तुकडा तुटतो आणि श्वासनलिकेत अडकतो. कच्चे गाजर आणि खारीक त्यासाठी टाळलेलीच बरी. भाकरीची कोर द्यायचीच, तर बाळ बसलेले असावे आणि मोठ्या माणसाची नजर त्याच्यावरून ढळू नये. गळ्यातील दोरे, ताईत आणि मण्यांच्या माळा यांविषयीही हेच. दात येण्यासाठी म्हणून अंबरच्या माळा घालण्याची फॅशन परदेशात निघाली. त्या माळेचा फास बसून एक मूल दगावल्यावर २०१८ साली तिथल्या औषध प्रशासनाला तिच्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. झोपलेल्या बाळाच्या गळ्यात काहीही नसावे.

लाळेने हनुवटी आणि गळा लाल होतो. मऊ कापडाने टिपावे, खसखसून पुसू नये. घन अन्न नको म्हणत असेल तर दोन दिवस हट्ट धरू नये, अंगावरचे दूध वाढवावे. फारच कळवळत असेल तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी बाळाच्या वजनाप्रमाणे ठरवून दिलेल्या मात्रेत. आणि पहिला दात दिसला की त्या दिवसापासून तो ओल्या फडक्याने पुसावा. तो पडणारच आहे, म्हणून त्याची हयगय करू नये.

जुलाब दातांचे नसतात

आता मुख्य मुद्दा. सहाव्या महिन्याच्या सुमाराला तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरू लागते. बाळ पालथे पडते, सरकते, रांगते आणि जमिनीवरची हरेक वस्तू तोंडात घालते. आणि उष्टावण होऊन वाटी-चमचा, वरचे दूध, वरचे पाणी सुरू होते. जुलाब होतात ते या तिन्हींतून शिरणाऱ्या जंतूंमुळे. दात त्याच वेळी तिथे उगवत असतो, एवढाच त्याचा गुन्हा. खरे तर शिवशिवणाऱ्या हिरडीमुळे बाळ हातात येईल ते चावते. तेव्हा या दिवसांत त्याचे हात, खुळखुळा आणि जमीन स्वच्छ ठेवणे हाच दातांच्या काळातला सर्वांत मोठा उपचार ठरतो.

जुलाब सुरू झाले की पहिल्या शीपासूनच जलसंजीवनी द्यावी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे हे पाणी पाजून असंख्य प्राण वाचवले. आज त्याची पुडी आरोग्य उपकेंद्रात आणि आशाताईंकडे मिळते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमच्याचमच्याने पाजत राहावे, अंगावरचे दूध थांबवू नये आणि १४ दिवस झिंकच्या गोळ्या द्याव्यात. रोटाव्हायरसची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे हे डोस चुकवू नयेत.

टाळू खोल गेली, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनासे झाले, लघवी कमी झाली, शीतून रक्त पडले, बाळ मलूल होऊन दूध ओढेनासे झाले किंवा ताप १०० अंशांवर चढून राहिला, तर दाताची वाट पाहत बसू नये. त्याच दिवशी, त्याच घटकेला दवाखाना गाठावा. दृष्ट काढायची तर काढा. पण मीठ-मोहऱ्या ओवाळण्यात वेळ जाणार असेल, तर त्या परत आल्यावर ओवाळा.

हे सांगायला सोपे आहे, याची आम्हाला जाणीव आहे. आपल्या जिल्ह्यातील किती तरी आया बाळाला झाडाच्या झोळीत टाकून खुरपायला, सोयाबीन काढायला, हळद वेचायला जातात. दिवसभर हिरडीवर बोट फिरवायला आणि चमच्याचमच्याने पाणी पाजायला त्यांना उसंत कुठली? गिरणीतील आईला अफूची गोळी का लागत होती, याचे उत्तर इथेही लागू पडते. उपाय बिनपैशाचे असले तरी त्यांना वेळ लागतो, आणि तो वेळ एकट्या आईकडून मागणे अन्यायाचे आहे. बाप, काका, आजोबा यांनीही हात धुऊन बाळाला मांडीवर घ्यायला शिकले पाहिजे. २०१८ साली सुरू झालेल्या योजनेप्रमाणे आशाताईंनी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी यायचे असते. हेच महिने दातांचे आणि हेच जुलाबांचे. ताई आल्या तर त्यांना चहा पाजून निरोप देऊ नका, बाळाविषयी विचारा. आल्या नाहीत तर का आल्या नाहीत, तेही विचारा.

आजींना मात्र एवढेच विनवायचे आहे. ‘‘दात यायलेत लेकराला’’ हे तुमचे वाक्य तुम्ही जरूर म्हणा. त्यावाचून सुनेला धीर यायचा नाही. फक्त बोट फिरवण्यापूर्वी हात धुवा आणि बोट फिरवून झाले की सकाळपासून बाळाची किती दुपटी ओली झाली, तेवढे मोजायला सांगा.